गावातल्या फौजींच्या वस्तूंची खोली: आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. खेड तालुक्यातल्या एका गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेने विचारलं आहे की, ग्रामपंचायतीने जुन्या मराठी शाळेची एक खोली दिली आहे. पहिल्या महायुद्धापासून 1971 पर्यंत गावातून फौजेत आणि नेव्हीत गेलेल्यांच्या पंचेचाळीसएक वस्तू घरोघरी निघाल्या आहेत. पदकं, पत्रं, लोकरी कोट, ट्रंका, फोटो, तोफेच्या गोळ्याची पितळी नळी. 26 जानेवारीला दालन उघडायचं आहे. काचेची कपाटं कशी आणि किती घ्यावीत, पावसाळ्यात वस्तू टिकतील कशा, आणि म्हाताऱ्या फौजींच्या आठवणी मांडाव्यात कशा?

बाई, कपाटांची ऑर्डर एवढ्यात देऊ नका. तीस वर्षं संग्रहालयांच्या वस्तू दुरुस्त करण्यात गेली, मूळ गाव मालवणकडचं, त्यामुळे समुद्राची हवा काय करते ते घरातच पाहिलंय. पण कोकणात असं दालन पावसाने बसण्याआधी नोंदवही नसल्याने बसतं. वस्तू असते, ती कुणाची ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिली खरेदी म्हणजे जाड पुठ्ठ्याची एक वही. वस्तू हातात आली त्याच दिवशी, देणारा माणूस समोर असतानाच लिहायचं: क्रमांक, वस्तू, कुणाची, देणारा त्याचा कोण, वाडी, कायमची दिली की उसनी, आणि देताना तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. "आजोबांची ट्रंक" एवढं पुरत नाही. कुठले आजोबा, आईकडचे की वडलांकडचे? मी एकदा ही चूक केली आहे. नातवाने टेम्पोतून तीन ट्रंका आणून उतरवल्या, मी "उद्या लिहू" म्हटलं, नातू रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. तीनपैकी एका ट्रंकेचा मालक मला आजतागायत सापडलेला नाही. क्रमांक वस्तूवर बॉलपेनने घालू नका. कपड्याला सुती फितीवर लिहून चार सैल टाके, धातूला दोऱ्याने चिठ्ठी, फोटोच्या पाठीला मऊ शिसपेन, तीही न दाबता.

आता पदकं. गावागावांत ती घासून चकचकीत करून ठेवलेली असतात, आणि 26 जानेवारी जवळ आली की कुणीतरी उत्साहाने पॉलिशचा डबा काढतोच. तो डबा खोलीत येऊ देऊ नका. पदकाचा चेहरा सगळ्यांचा सारखाच असतो, राजाचं डोकं नाहीतर अशोकस्तंभ. माणूस असतो तो कडेवर. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. 1914–15 च्या स्टार पदकावर ती पाठीमागे असते. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर इंग्लंडात नावं घातलीच नाहीत, पण हिंदी शिपायांच्या पदकांवर बहुधा ती सापडतात. पदक बोटात उभं धरा, खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ चिकटवून आडवा मारा. जिथे गुळगुळीत वाटत होतं तिथे सावलीतून अक्षरं उठतात. मी शिकाऊ असताना असंच एक पदक मन लावून घासलं होतं. नाव गेलं, चकाकी तेवढी राहिली. माझ्या वरिष्ठांनी ते न बोलता माझ्या टेबलावर वर्षभर ठेवलं होतं.

नाव मिळालं की शोध सुरू होतो, आणि इथे कोकणाची एक मेख आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला, रायगडचं नाव त्याआधी कुलाबा होतं आणि सावंतवाडी हे तर संस्थान. त्यामुळे कणकवलीच्या शिपायाच्या कागदावर "रत्नागिरी" दिसू शकतं, म्हणून तेवढ्यावरून माणूस तुमचा असं धरू नका. इंग्रज कारकुनाने आडनाव कानाने लिहिलंय. एकच आडनाव तीन तऱ्हांनी शोधा, वडलांचं नाव जुळवा, गाव जुळवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांचा शोध फुकट घेता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, पत्रात नंबर आणि पलटण आधी, भावना नंतर. हयात फौजी आणि वीरपत्नी यांच्यापर्यंत पोहोचायला रत्नागिरीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

तुमच्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का, तेही बघा. आपल्याकडे अनेक गावांत ती आहे. या गावातून इतके इसम 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. इराकात बसऱ्याच्या स्मारकावरही हाच प्रकार: अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि 33,000 हून अधिक हिंदी शिपाई नुसत्या संख्येत मोजले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठ्यांच्या पलटणी भरपूर होत्या. 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाल्यावर उरलेले कैदेत गेले. तुमच्या पाटीवरच्या आकड्यातले काही तिथले असू शकतात. तुमच्या दालनाचं मुख्य काम मला विचाराल तर हेच, त्या आकड्याखाली नावं लिहिणं. एखादा कोट नीट मांडला गेला नाही तरी चालेल.

आणि नावं शोधायला सगळ्या वाड्यांत जा. तुम्ही पाठवलेल्या यादीत पंचेचाळीस वस्तू आहेत आणि त्यातल्या अडतीस दोनच वाड्यांतल्या, हे मला खटकलं. दापोली ही जुनी छावणी, आजही लोक कॅम्प दापोली म्हणतात. महार पलटणींतले पेन्शनर या पट्ट्यात मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, दलित चळवळीचे आद्य पुढारी गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. पहिल्या महायुद्धात 111 वी महार पलटण 1917 ला उभी राहिली आणि 1921 ला मोडली, पुन्हा महार रेजिमेंट व्हायला 1941 उजाडलं. बौद्धवाडीत पदकं नसतील तर पेन्शनचे कागद असतील, तेही नसतील तर पणजोबांचं नाव असेल. तसाच मोहल्ला. नेव्हीत आणि व्यापारी जहाजांवर रत्नागिरीचे मुसलमान खलाशी आणि सारंग (खलाशांचे मुकादम) पिढ्यान्‌पिढ्या होते. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या 2,000 हून अधिक खलाशांचं स्मारक आहे, पुढच्या मुंबईच्या फेरीत वाट वाकडी करून बघून या. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर सुरू झालेल्या नाविकांच्या उठावात ज्यांची नोकरी गेली त्यांच्या घरी बहुधा ना पदक ना पेन्शन. असलाच तर एक डिस्चार्जचा कागद, तोही कित्येकदा लपवलेला. तो मागून मिळत नाही, चहा पिऊन मिळतो.

यशवंतराव घाडगे यांचं मोठं पोस्टर करायचं असं तुमच्या समितीचं ठरतंय, ते ऐकलं. माणगावकडच्या पळसगावचा बावीस वर्षांचा नाईक, इटलीत 10 जुलै 1944 ला सेक्शनमधले जवळजवळ सगळे पडल्यावर एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, ग्रेनेड फेकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. अभिमान वाटावाच. पण त्यांची नोंद जगभर आहे. तुमच्या गावातून गेलेल्या फौजेतल्या खेचरवाल्याची नोंद फक्त तुम्ही करू शकता. पोस्टर लहान करा.

आता पावसाकडे येते. पुस्तकात लिहिलेलं असतं की कागद-कापडाला हवेतली आर्द्रता पंचेचाळीस ते साठ टक्के हवी. आपल्याकडे जुलैत ती नव्वदीला टेकते आणि पासष्टच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. एसी लावावा का, असं सगळे विचारतात. दिवसा चालवून संध्याकाळी बंद करणार असाल तर मुळीच नको, रोजच्या चढउताराने लोकर, कागद आणि फोटो अधिक लवकर जातात, शिवाय लाइट जाते ती वेगळीच. आपल्या आयांनी जे केलं तेच करा: आगोट. मे संपायच्या आत जशी डाळ-तांदळाची बेगमी होते तशी अस्सल नाजूक वस्तूंची करायची. घट्ट झाकणाचे स्वयंपाकघरातले पॉलिप्रॉपिलीनचे डबे, आत सिलिका जेल, पदकं आणि धातू त्यात. जेल चपलांच्या खोक्यातल्या पुडीएवढी नको, पाच लिटरच्या डब्याला शंभर-दोनशे ग्रॅम. रंग बदललेली जेल जाड तव्यावर मंद आचेवर गरम केली की पुन्हा कामाला येते. कपडे आणि कागद मात्र हवाबंद कोंडू नका, त्यांना पुठ्ठ्याची आम्लरहित पेटी किंवा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाचं वेष्टन, आणि दर पंधरवड्याला उघडून बघणं. जून ते सप्टेंबर दालनात त्यांच्या जागी छापील प्रती ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा.

अडचण एकच, आणि ती मोठी: गणपती. गाव भरलेलं असतं नेमकं तेव्हाच. माझा उपाय असा की त्या पाच-सात दिवसांत इनॅमलचा मग, ट्रंक, किटबॅगेचं कुलूप, पितळ अशा दणकट वस्तू बाहेर काढा, बाकी प्रती. आणि एका लांब टेबलावर न ओळखलेल्या फोटोंच्या प्रती पसरा, शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. चाकरमानी आत्या-काकू एका दुपारी जेवढी नावं सांगतील तेवढी वर्षभरात मिळत नाहीत. अस्सल पत्रं-कोट बघायला शिमग्याला या म्हणावं. तेव्हा हवा कोरडी असते.

खोली जुनी, चिऱ्याची असणार. पश्चिमेच्या भिंतीला काही टेकवू नका, पावसाचा मार तिच्यावर. कपाटं सगळ्याच भिंतींपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वीतभर वर. पंखा चालू राहू दे. दोन-चारशे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक मिळतं. सकाळी नऊ आणि दुपारी चारला आकडा वहीत, हे काम सातवीतल्या मुलांना द्या, ती चुकत नाहीत.

कपाटाबद्दल सुताराशी बोलताना तुम्ही ठाम राहा, कारण तो प्लायवूड आणि आत हिरवं फेल्ट सुचवणार. नव्या प्लायचा जो वास येतो ती आम्लाची वाफ. बंद कपाटात तिने शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी येते आणि ब्राँझ खराब होतं. फेल्ट आणि लोकर यांच्यात गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. त्यामुळेच पदकं लोकरी कोटावर लावून मांडायचा सगळ्यांना सुचणारा थाट टाळा. कोटावर छापील प्रतिकृती चालेल, अस्सल पदक शेजारी धुतलेल्या सुती कापडावर. पावडर कोटिंग केलेला लोखंडी सांगाडा आणि काच, एवढं साधं कपाट उत्तम. पदकांच्या फितींचा रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणून उजेड कमीत कमी. खिडकीला खादीचा जाड पडदा, आतला दिवा माणूस आत आला की लावायचा.

लोकरी कोटात कसर असेलच. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास माणसांनाही बाधतो आणि प्लॅस्टिकची बटणं मऊ पडू शकतात. उन्हात तर टाकूच नका. कोट जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि उणे अठरा-वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. एवढा मोठा फ्रीझर कुठे, तर बंदरावर, मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. मी स्वतः सुरमईच्या क्रेटशेजारी सुभेदाराचा ग्रेटकोट ठेवला आहे. पिशव्या दोन घाला. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर आतल्या लोकरीवर दव धरतं.

भिंतीवरचे जुने फोटो काचेला चिकटले असतील तर ओढू नका. काचेसकट, वर काळं कापड धरून, मोबाइलने फोटो काढा. कुठल्याही कागदाला लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही. कुणी आधीच केलं असेल तर ते तसंच राहू द्या. फाटलेलं फारच मोलाचं पत्र असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राचा सल्ला घ्या. (ती इमारत लोकांना खुली व्हायच्या आधी, पहिल्या महायुद्धात, लष्करी इस्पितळ होती. एकेकाळी आपलीच माणसं तिथे खाटांवर असतील.)

पितळी नळीचं खरं तर आधीच सांगायला हवं होतं. ती नुसती रिकामी नळी आहे की टोकाला गोळा आणि बुडाला न फुटलेली कॅप आहे? शंका असेल तर तिला हात लावू नका, हलवू नका, पोलीस ठाण्याला फोन करा. शोभेची म्हणून पन्नास वर्षं देव्हाऱ्याशेजारी होती, ही काही हमी नव्हे. बंदूक, पिस्तूल, तलवार यांच्यासाठीही आधी पोलीस ठाणं. आणि कायद्याने शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते, ऐतिहासिक मोलाचा हस्तलिखित कागद पंचाहत्तर वर्षांनीच. विकत घेणाऱ्याला हळूच काही देऊन टाकू नका, असे लोक दालनाची बातमी आली की दारात येतातच.

आठवणींचं काम मात्र आजच सुरू करा, कपाटाच्याही आधी. 1971 ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. जाताना प्रश्नावली नेऊ नका, वस्तू न्या. आमच्याकडचे एक आजोबा, पश्चिम सीमेवर होते, त्यांना शाळेच्या मुलांनी विचारलं, "तुम्ही किती शत्रू मारले?" आजोबा म्हणाले, "माका काय आठवना नाय," आणि सुपारी कातरत बसले. मी दुसऱ्या दिवशी त्यांचाच इनॅमलचा मग नेला, पांढरा, निळ्या काठाचा, तळाला टवका उडून काळं लोखंड दिसणारा. त्यांनी तो हातात घेतला आणि अंगठा आपोआप त्या टवक्यावर गेला. मग दीड तास चहा. डिक्सीतला (फौजेच्या मोठ्या पातेल्यातला) चहा, दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या, थंडीने मग ओठाला चिकटायचा ते, आणि त्यांच्या आधी ज्याने तो मग भरून घेतला तो संध्याकाळी परतला नाही, ते. ते वाक्य ते चहाच्याच सुरात बोलून गेले. मी काही विचारलं नाही. ते थांबले तितका वेळ मीही थांबले.

रेकॉर्डिंग दोन यंत्रांवर करा, एक मोबाइल आणि एक रेकॉर्डर, पंखा बंद ठेवून. बोली जशीच्या तशी राहू द्या, प्रमाण मराठी करू नका. साल चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, टिपेत लिहा. मुलाला-सुनेला शक्यतो दुसऱ्या खोलीत बसवा, नाहीतर "बाबा, ते मेडलचं सांगा ना" चालू राहतं. शेवटी साध्या मराठीत संमतीपत्र, काय ऐकवायचं, काय लिहायचं, काय त्यांच्या पश्चात उघडायचं. बायकांना विसरू नका. मनीऑर्डर कधी यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, चार महिने पत्र आलं नाही तेव्हा घरात काय बोललं जायचं, हे त्याच सांगतील. 9 डिसेंबर 1971 ला दीवच्या समुद्रात नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली तेव्हा 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. अशा घरात दाखवायला तार आणि एक फोटो, एवढंच असतं. तार मांडायची की नाही हे त्या घरच्या बाईंना एकदाच, एकट्यात विचारा. नाही म्हणाल्या तर पुन्हा विषय नको.

पाट्या लिहिताना "युद्धकालीन इनॅमल मग" असं लिहू नका. असं लिहा: "हा मग ... यांचा, वरची वाडी. 1971 च्या डिसेंबरात यातून ते रोज पहाटे चहा प्यायचे. तळाचा टवका खंदकात पडून उडाला. पुढची चाळीस वर्षं यातून त्यांनी घरी आंघोळीचं पाणी घेतलं." चाळीस-पन्नास शब्द पुरे, अक्षर मोठं, उंची सातवीतल्या मुलाच्या डोळ्याएवढी. "शौर्य" आणि "बलिदान" हे शब्द खोलीभर मिळून दोनदाच वापरायचे असं स्वतःला बजावा.

उद्घाटन 26 जानेवारीलाच करा, हवा कोरडी असते. तोवर वहीत पूर्ण नोंद झालेल्या वस्तू जेवढ्या, तेवढ्याच मांडा, बारा झाल्या तर बारा. आणि कपाटांच्या पैशांतून हातांच्या दोन खुर्च्या घ्या, खिडकीजवळ ठेवायला. गुडघे धरून म्हातारे येतील, बसतील आणि बोलायला लागतील. त्या दिवशी रेकॉर्डर चार्ज केलेला असू दे.